तीस किलो कमी

३ जून
आले एकदाची, नवरा नि लेक गावी ठेवून! रंगाचा कारखाना, दोन खोल्यांचं क्वार्टर, खिडकीतून दिसणारा नाला: सकाळी लाल, दुपारी निळा. तो नितळ करायलाच मला बोलावलंय. उग्र द्रावकांऐवजी पाण्यात रंग बनवायचा, उरलेली घाण जिवाणूंच्या टाकीत पचवायची. माझी पाच वर्षांची मेहनत! टाकी सांभाळणारे मामा मिश्कील. म्हणाले, बाई, तुमचे जिवाणू आमच्या जावयापेक्षा जास्त खातात.

१९ जून
नाला नितळ! साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. टाकीतून निघालेलं पाणी मी सर्वांसमोर ग्लासभर प्यायले. टाळ्या! आता खात्यातले सगळे तेच पितात, नळाकडे कुणी फिरकत नाही.

२४ जून
ताळा जुळत नाही. टाकीत जेवढं वजन जातं, तेवढंच पाणी, वायू नि गाळ मिळून बाहेर यायला हवं. रोज तीस किलो कमी भरतंय. काटे तपासले, गळती शोधली. साहेब म्हणाले, पाणी स्वच्छ आहे ना, मग कशाला उकरून काढताय?

२७ जून
मामांच्या खाली लोखंडी खुर्ची वाकली. सगळे हसले. मामा तर काडीपैलवान! गमतीनं त्यांना गोण्यांच्या काट्यावर उभं केलं. एकशे दोन किलो. महिन्यापूर्वीच्या तपासणीत पन्नास होते.
मग सगळ्यांनाच चढवलं. माझ्यासकट सात जण. वाढलेली वजनं मिळवली: दोनशे चाळीस. आठ दिवस, रोज तीस.
कपडे मात्र सगळ्यांचे सैल झालेत.

२९ जून
टाकी बंद केली. ते पाणी पिणंही. वजनं तरी वाढतायत. साहेबांना सांगायला गेले, तर म्हणाले, आता बंद कसं करता, बाई? खालच्या वस्तीच्या नळांना ते पाणी परवाच जोडलंय.
वस्तीत धावले. दारोदार सांगितलं. बायका म्हणाल्या, इतकं गोड पाणी कधी मिळालंय का आम्हाला?

१ जुलै
मामा जिन्यावरून — पायरीसकट खाली. डॉक्टरीण म्हणाली, शरीरात काहीच सापडत नाही. चौघांना उचलवेना. माझे पाय डांबरात रुततात —

२ जुलै
नवरा दारात. कडेवर नाही, हाताला धरून आणलंय लेकीला. चार वर्षांची पोर. मला चकित करायचं म्हणून दोघं पाच दिवस नणंदेकडे राहिले. नणंद राहते वस्तीत; मी दारोदार फिरले तेव्हा दोघं आत लपलेले. पाच दिवस —
पोर दमून लवंडलीय. पलंग मोडला. जमिनीवर निजवलं. फरशीला तडा.
उचलायला वाकले. हलेना. नवऱ्यानं हात लावला, दोघं मिळून — हलत नाही —
फरशी खचतेय. डोळे उघडलेत तिनं. म्हणतेय, आई, हात सोडू नको, खाली खूप खोल —