उत्तमराव हजर

तामसी,
शुक्रवार, संध्याकाळ

ती. सुवर्णाताईस,

नागेशचा नमस्कार (सुतक फिटलं, तेव्हा लिहायला हरकत नाही). तुझी कंबर कशी आहे? आई दोन घास जेवते. मी ठीक आहे असं लिहिणार होतो, पण ताई, मी फार घाबरलो आहे. फोनवर आई ऐकते, म्हणून हा कागद मुधोळच्या बसवर असलेल्या रामाजीच्या हाती देतोय.

बाबांनी जाण्याआधी आदिलाबादच्या पाच दिवसांच्या अभिनयवर्गाचा फॉर्म भरून ठेवला होता (फक्त व्यावसायिक नटांसाठी; चाळीस वर्षं गावच्या दंडारीच्या खेळात राजा झालेल्या माणसाला आणखी काय शिकायचं होतं, देव जाणे). तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्यांचं नाव कमी करा एवढंच सांगायला मी गेलो. दारातच हैदराबादच्या सरांनी माझं मुंडण पाहिलं आणि ओरडले, "देखो! रोल के लिए सर मुंडवाके आया!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असताना माणूस गेल्याचं कसं सांगायचं? मी बाबांच्या नावावर बसलो. (फॉर्मवर वय अडुसष्ट आहे. सर म्हणाले, नटाने असंच तरुण राहावं.)

पहिल्या दिवशी प्रेत होऊन पडायचं होतं. मी सर्वांत चांगला पडलो (नुकतंच पाहिलं होतं). काल रडायचं होतं. निर्मलची पूनम हरवलेल्या म्हशीसाठी अशी रडली की चहावाला म्हैस शोधायला निघाला. माझ्या डोळ्यांत थेंब नाही. चितेजवळही नव्हता, तू पाहिलंस. सर म्हणाले, "उत्तमराव, तुमने जिंदगी में किसी को खोया ही नहीं." मी म्हणालो, "जी."

उद्या शेवटचा दिवस. प्रेक्षक बोलावलेत आणि मला बाप गेलेल्या मुलाचा प्रवेश दिलाय. रडू आलं नाही तर फजिती आहेच. पण आलं, तर ते थांबेल का? इकडे आई रोज विचारते, "कागद अजून काऊन नाई भेटला रे?" मी बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी खेपा घालतोय असं तिला सांगितलंय.

तुझा,
नागेश

ता.क. खरं काम हे : उद्या नऊच्या आत सरांना फोन कर (नंबर मागे लिहिलाय) आणि उत्तमराव वारले असं सांग. मला तोंडाने म्हणता येत नाही. अजून कुणालाच म्हटलेलं नाही.

ता.क. २ रामाजी घाई करतोय. ताई, फोन करू नकोस. सर रोज सकाळी हजेरी घेतात. बाबांचं नाव पुकारतात आणि मी "हजर" म्हणतो. उद्याची एकच राहिली आहे.