वाकडी कापलेली वेणी

प्रिय बारके,

तुझा फोन येऊन गेला त्याला आठ दिवस झाले. पत्र लिहितेय, कारण फोनवर मी मूळ मुद्द्याशी येईपर्यंत तुझी ऑफिसची वेळ होते. इथलं रोजचंच. सकाळी बाबांच्या चादरी धुवायच्या, गोळ्या द्यायच्या, त्या त्यांनी गालात लपवल्या नाहीत ना ते बघायचं. माझी पाठ कामातून गेलीय. बाबांना मी दिवसातून चारदा वेगळीच कोणीतरी वाटते. कधी आई, कधी कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक असले की बरं असतं, अदबीने बोलतात.

तू म्हणालीस, बाबांच्या शिवणाच्या दुकानाचं निळं दार अजून डोळ्यांपुढे आहे. अगं, आपलं दार हिरवं होतं. निळं शेजारच्या चष्मेवाल्याचं. आणि मशीनवर बसून बाबा कधी गात नव्हते. तोंडात टाचण्या धरून कोण गाईल? पण तुला हसायला मला तोंड नाही. मलासुद्धा गेल्या महिन्यापर्यंत खात्रीने वाटायचं की तुझी वेणी बाबांनीच कापली.

तो किस्सा तू सगळ्यांना सांगतेस. आदल्या दिवशी तुझी वेणी मशीनच्या चाकात अडकता अडकता राहिली आणि बाबा ओरडले, कापूनच टाकतो एकदाची. दुसऱ्या दिवशी दुपारी तू दुकानात चिंध्यांच्या ढिगावर झोपलीस आणि उठलीस ती वेणीशिवाय. मोठी कात्री शेजारी पडलेली. आठ वर्षांची होतीस. त्यानंतर तू त्यांच्याजवळ फिरकली नाहीस, आणि पुढे मावशीकडे शिकायला गेलीस ती गेलीसच. आईनेही महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला.

गेल्या महिन्यात बाबांनी मला तू समजून जवळ बोलावलं. डोक्यावरून हात फिरवला आणि रडायलाच लागले. माझ्या हातून तुझी वेणी कापली गेली, मला माफ कर, म्हणाले. त्यांचा हात माझ्या मानेपाशी थांबला आणि मला तुझे ते कापलेले केस आठवले. एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत, मधे नुसत्या पायऱ्या. रोज कापड कापणारा माणूस कितीही रागात असला तरी इतकं वाकडं कापणार नाही, बारके. ते मी कापले होते, बारा वर्षांच्या मुलीने दोन्ही हातांनी कात्री धरून. येणारंजाणारं गिऱ्हाईक तुझ्या वेणीचं कौतुक करायचं आणि माझ्या पाठीवर उंदराचं शेपूट. बाबांनी आधी तुझे केस पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आईने विचारलं तेव्हा गप्प बसले. हे मी विसरले की विसरायचं ठरवलं, ते मला आता सांगता येत नाही. तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मलाही कात्री त्यांच्याच हातात दिसायला लागली. आता त्यांनाही तशीच दिसते.

त्या दिवशी मी तू होऊन त्यांना माफ केलं. तो हक्क माझा नव्हता, लाज वाटली. शिवाय ती माफी टिकतही नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हात जोडतात.

डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. परवा धीर करून मी सांगितलं की बाबा, वेणी तुम्ही नाही, थोरलीने कापली. तर एवढे चिडले की कोपरावर जोर देऊन उठून बसले. मला म्हणाले, बारके, थोरलीवर आळ घेऊ नकोस, तिच्या मनात असलं काही येत नाही. मी त्यांना परत आडवं केलं. म्हणून हे पत्र. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण एकदा ये. खरं काय ते तू सांगितलंस तरी त्यांना पटणार नाही, तेव्हा ते सांगूच नकोस. त्यांनी जे केलंच नाही त्याची माफी त्यांना तुझ्याकडून मिळू दे. मी केलं त्याची मी नंतर मागेन, आणि तू नाही दिलीस तरी चालेल.

तुझीच,
ताई