आतूनही किल्ली

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची! एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये काढली, भिंतीला खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागायचा. आज स्वतःच्या घराचं दार स्वतःच्या हाताने उघडलं. टेम्पोवाल्याने कपाट दारात अडकवलं, चौकटीचा टवका उडवला आणि वर माझ्याकडेच डोळे वटारून बघितलं. एरवी मी त्याला सोडलं नसतं, पण आज हसून चहा पाजला.

घर बैठं, छोटंसं. पुढे बसायची खोली, मग बोळकांडी, तिच्या एका अंगाला झोपायची खोली, दुसऱ्या अंगाला बाथरूम, शेवटी स्वयंपाकघर आणि मागचं दार. बोळकांडीवर माळा आहे, दीड हात उंचीची लाकडी झडप असलेला. रंगाऱ्याने झडप, भिंत, बिजागऱ्या सगळं एकाच ब्रशने बरबटून ठेवलंय आणि फटीवरचा रंग आत्ताच फाटलाय. घाईचं काम, दुसरं काय!

आधीचे मालक एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ. त्यांना चोरांची भारी धास्ती. पुढच्या दाराला पाच कड्या, प्रत्येक खिडकीला अंगठ्याएवढे जाड गज. घर विकणारा त्यांचा पुतण्या हसत सांगत होता, काका म्हणायचे घरातून पाव जातो, साबण जातो, कुणी विश्वास ठेवायचं नाही. ते गेले तेव्हा दार फोडावं लागलं, कारण पाचही कड्या आतून लावलेल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाला हसणं मला आवडलं नाही. पण मनात म्हटलं, चला, बंदोबस्त आयता मिळाला.

बंदोबस्त हवाच आहे, तो भिंगरीसाठी. भिंगरी माझी नात, सहा वर्षांची. गेल्या वर्षी लेकीच्या घरी चोर शिरले तेव्हा पोर एकटी पलंगाखाली लपली होती. तेव्हापासून झोपताना डोक्यापासून पायापर्यंत ब्लँकेट गुंडाळून घेते, नाकाचं टोकही दिसू देत नाही. लेकीला सहा महिने ट्रेनिंगला परदेशी जायचंय. तिने बजावलंय, आई, तुझं घर पक्कं असेल तरच पोर ठेवते, नाहीतर होस्टेल. एवढंसं पोर होस्टेलात! मी शब्द दिलाय की माझ्या घरात मुंगी शिरणार नाही. वीस तारखेला येतेय.

६ नोव्हेंबर

घासून घासून हात सोलवटले. लॉन्ड्री सांभाळली आहे मी, चादर हुंगून कुठल्या वॉर्डची ते सांगायचे; मुली मला ‘नाक’ म्हणायच्या, मागून आणि कधीकधी समोरूनही. तर या नाकाला बोळकांडीत एक वास येतो. ओलं फडकं बंद बादलीत आठ दिवस राहिलं की येतो तसला, त्यात खवट तेल आणि न धुतलेली मान. तीनदा फिनेल टाकलं. फिनेल उडून जातं, वास तिथेच.

समोरच्या घरात एक वहिनी राहतात, बघावं तेव्हा खिडकीत. त्यांनी गल्लीतल्या चोऱ्यांची यादीच ऐकवली. एकीचं ब्लँकेट गेलं, एकीचा पाव, एकाची केसांच्या तेलाची बाटली, आणि सगळं भर दुपारी, घरं पेंगत असताना. शेजारीच ठेवलेल्या घड्याळाला हातसुद्धा लावलेला नाही. म्हटलं, हा कुठला भुकेला चोर!

दुपारी जेवून तासभर आडवं व्हायची मला सवय आहे. दोनदा उठून पाहते तर मागच्या दाराची कडी काढलेली. कडी ढिली झालीय बहुतेक.

९ नोव्हेंबर

कुलूपवाला येऊन गेला. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही, पण कामाला पक्का. त्याने पुढच्या-मागच्या दोन्ही दारांच्या कड्या काढून नवी कुलपं बसवली. दार ओढलं की आपोआप बंद होतं, आणि बाहेरूनच काय, आतूनही किल्ली लावल्याशिवाय उघडत नाही. आतून कशाला किल्ली, असं विचारलं तर मला शाळेतल्या पोरीसारखं समजावून सांगितलं. चोर खिडकीतून आला तरी माल घेऊन दारातून जाऊ शकत नाही, आत आला की अडकलाच. मला ते फारच पटलं. किल्ली इतकी हलकी फिरते की लहान मूलही एका बोटाने फिरवेल, हे त्याने तीनदा करून दाखवलं.

किल्ल्या दोनच. एक माझ्या गळ्यात नाडीला, एक पिठाच्या डब्यात, पिठाच्या खाली.

जाता जाता त्याला स्टुलावर चढवून माळ्यात टॉर्च मारायला लावली. माझे गुडघे चढू देत नाहीत. म्हणाला, काही नाही ताई, म्हाताऱ्याच्या गादीची एक मोठी वळकटी आहे आणि घाणेरडा वास. नाकाला रुमाल लावूनच उतरला. गादी खाली टाकायला सांगितलं तर म्हणे, कुलपाचं काम माझं, गादीचं नाही. निलाजरा!

आज जीव भांड्यात पडला. दोन्ही दारं अशी बसलीत की फुंकर आत जाणार नाही.

१२ नोव्हेंबर

शी!

सकाळी साबण उचलला तर त्याच्यावर दातांचे ठसे. उंदराचे नाहीत, मला उंदराचे कळतात. रुंद दात, आणि मधला एक नाही. साबणाला लांब पांढरा केस चिकटलेला. माझे केस कानाच्या वर कापलेले आहेत.

दुधावरची साय अर्धी नाहीशी, आणि उरलेल्या सायीत बोट फिरवल्यासारखी चर. लोण्याच्या डब्याचं झाकण आतून चाटून लख्ख केलेलं. दूध मोरीत ओतलं, डबा उकळत्या पाण्यात टाकला, साबण चिमट्याने उचलून फेकला. दोन्ही दारं तपासली. कुलपं जशीच्या तशी, गज जसेच्या तसे.

समोरच्या वहिनी मात्र आज खूश. नऊ तारखेपासून गल्लीत एकही चोरी नाही म्हणाल्या. तुमचा पायगुण चांगला म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर

माझ्या पलंगावर, माझ्या उशीखाली, नख. पिवळं, जाड, शिंपल्यासारखं वळलेलं, कापलेलं नव्हे, कुरतडलेलं. चादर दोनदा उकळली, तरी त्या पलंगावर पाठ टेकवेना.

पोलीस चौकीत गेले. एक हवालदार आला, कुलपं हलवून पाहिली, गज हलवून पाहिले आणि म्हणाला, बाई, हे घर आहे की तिजोरी, इथे कोण शिरणार? मी नख दाखवलं. त्याने नखाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि वय विचारलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

लेकीला फोनवर सांगून बसले. मोठीच चूक केली. ती लहान मुलाशी बोलावं तशी बोलायला लागली. आई, तू विसरतेस का अलीकडे? मग दबक्या आवाजात म्हणाली, होस्टेलचा फॉर्म अजून माझ्याकडे आहे. मी घाईघाईने हसले, उंदीर असेल गं म्हटलं. आता कुणाला काही सांगायचं नाही. जे काही आहे ते मी धुऊन काढीन. आजवर कुठला डाग टिकलाय माझ्यापुढे?

१७ नोव्हेंबर

धुते, पुन्हा धुते. दुपारी डोळा लागतो आणि उठते तेव्हा काहीतरी झालेलं असतं. टूथब्रश ओला. कंगवा तेलकट, दात्यांत कोंड्याचा लगदा. बाथरूमच्या जाळीतून केसांचा मुठीएवढा गोळा काढला, आत पावाचा चावलेला घास.

उशीचा अभ्रा हुंगला. तिथे कुणीतरी झोपलं होतं. मी नाही.

माझा निळा गाऊन सापडत नाही.

२० नोव्हेंबर

भिंगरी आली! घरभर नुसती गरगर फिरतेय. लेकीने दोन्ही कुलपं स्वतः उघडून-लावून पाहिली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. पुढच्या आठवड्यात विमान आहे, आता सुखाने जाते म्हणाली. मी हसत होते. बोळकांडीत तिने नाक आक्रसलं. मी पटकन म्हटलं, गटार तुंबलंय.

सांगायला हवं होतं का? पण नेलं असतं तिने पोरीला.

दुपारी भिंगरीला कुशीत घेऊन झोपले. पोरीच्या डोक्याला ऊन आणि बिस्किटाचा वास येतो. कितीतरी दिवसांनी नाकाला बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर

झोपून उठल्यावर भिंगरीचे केस कडक. खळ घालून वाळवल्यासारखे, बटा एकमेकींना चिकटलेल्या. दूध सांडलं असेल म्हणून धुवायला घेतले. कोमट पाणी पडताच वास उठला.

तो वास.

पोरीच्या डोक्याला. दोनदा, तीनदा, चारदा साबण लावला. भिंगरी रडायला लागली, आजी, डोळ्यात गेलं. मीही रडत होते. उद्या जे होईल ते होईल, लेकीला फोन करून पोर घेऊन जा म्हणणार. होस्टेल तर होस्टेल.

२३ नोव्हेंबर, दुपारी

लेकीचा फोन सकाळपासून लागत नाहीये. भिंगरीने जेवताना विचारलं, आजी, तू दुपारी माझे केस का चाटतेस? मांजर पिल्लाला चाटतं तसं.

मी नाही गं चाटत, म्हटलं. ती म्हणाली, तूच की, निळा गाऊन घालून, डोळे किलकिले केले की दिसतो ना मला.

पुढे म्हणाली, आणि तू माळ्यावर कशाला झोपतेस?

थोड्या वेळाने

पोरीला झोपायच्या खोलीत बसवलं. गुडघे मोडले तर मोडू देत, स्टुलावर चढले. झडप नुसत्या बोटाने उघडली. कुलूपवाल्याला दिसलेली वळकटी नव्हती, आत कुणी नव्हतं. गादी पसरलेली होती, मधोमध खोल खड्डा, अंगाच्या आकाराचा, तेलाने काळा. भोवती पावाचे वाळके तुकडे, अर्धवट खाल्लेले साबण, ब्लँकेट, तेलाची बाटली. गल्लीभरातलं. कोपऱ्यात जे होतं ते लिहीत नाही, स्टुलावरच ओकले.

म्हणजे बाहेरून कुणी कधी आलंच नाही. ते इथूनच बाहेर जायचं, मागच्या दाराने, दुपारचं. आणि मी कुलपं बसवून—

त्याला आत कोंडलं. माझ्याबरोबर. आणि वर पोर आणून ठेवली.

निघायचं. आत्ता, अंगावरच्या कपड्यांनिशी.

नंतर

गळ्यात नाडी आहे. किल्ली नाही. नाडी थुंकी वाळून कडक झालीय, चावून तोडून परत गाठ मारलेली.

कालपासून? परवापासून? त्याच्या हातात किल्ली होती, दार उघडून जाता आलं असतं. गेलं नाही.

कुलूपवाल्याला फोन केला. अर्ध्या तासात येतो म्हणाला. चौकीत केला, गाडी आली की पाठवतो म्हणाले. भिंगरीला सांगितलं, थोडं झोप, आपल्याला आईकडे जायचंय. घाबरली बिचारी, ब्लँकेटमध्ये पूर्ण गुरफटून पडली. आता पिठाच्या डब्यातली किल्ली—

डब्यात नाही. पिठात बोटांच्या खुणा. पीठ बुडापर्यंत उकरलेलं, थुंकीने गोळे झालेले. मी कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते, हाताला ते गिळगिळीत—

तेवढ्यात पुढे खट् झालं. कुलूप फिरलं. दाराची करकर.

गेलं! गेलं ते!

धावत झोपायच्या खोलीत आले. दाराची कडी घातली. भिंगरी पलंगावर तशीच ब्लँकेटमध्ये मुटकुळं करून, श्वास चाललाय, ब्लँकेट वरखाली होतंय. तिच्या शेजारी बसून लिहितेय, नुसतं बसवत नाही. कुलूपवाला येईपर्यंत कडी काढणार नाही. एक हात तिच्या पाठीवर ठेवलाय. झोपली बहुतेक. गेलं ते. पोर वाचली.

वास मात्र जात नाही. माझ्याच हाताला असेल, पिठाचा—

दार वाजतंय. कुलूपवाला इतक्यात—

नाही. भिंगरीचा आवाज आहे. दाराबाहेरून.

विचारतेय, आजी, कडी का घातलीस? म्हणतेय, तूच तर मला उठवलंस, किल्ली दिलीस, बाहेर खेळ म्हणालीस. एका बोटाने उघडलं बघ मी दार.

माझ्या हाताखाली श्वास थांबलाय. ऐकतंय.

आवाज चढवला नाही. म्हटलं, शहाणं माझं बाळ ते. पळत समोरच्या काकूंकडे जा, त्यांना बिलगून बस, आणि आजीने हाक मारली तरी परत यायचं नाही. निळ्या गाऊनमधल्या आजीने तर मुळीच नाही.

चपलांचा आवाज. अंगण. फाटक. गेली.

कडी माझ्यापासून चार पावलांवर आहे. मीच घातलीय, वरची आणि खालचीही. ब्लँकेटचं टोक हळूहळू खाली सरकतंय, निळा गाऊन, माझाच, आणि केस— उठते आता, उठ—

माझ्या मनगटाला काहीतरी ओलं—