खालच्या अंगाची जागा

ख्राइस्टचर्च, न्यूझीलंड
रविवार, १४ मार्च २००४

प्रिय मित्र शिवाजी यास धोंडिबाचा मनापासून जय भीम.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन उरकलं असेल आणि वहिनींनी तुझ्या चहातली साखर बंद केली असेल, असं गृहीत धरून लिहितो. माझा डावा गुडघा महाडहून निघाला तसाच इथेही आहे, हवापालटाचा त्याच्यावर काडीचा परिणाम नाही. मैत्रेय पुलांची कामं बघतो. सूनबाई संघमित्रा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि घरी येऊन आमचं तपासते. बाकी आम्हा बापलेकांत बोलणं किती होतं ते तुला ठाऊक आहे. तो विचारतो, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. येऊन दोन महिने झाले, परतीचं तिकीट तीस तारखेचं आहे, आणि आमच्यात एकच विषय निघाला तो माशांचा. त्याचीच हकिकत लांबलचक सांगणार आहे, तेव्हा बिनसाखरेचा का होईना, चहा घेऊन बस.

झालं असं, की मैत्रेयला रक्तदाब निघाला (निदान अर्थात घरच्या घरी झालं). डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्याच, पण डोक्याला विसावा मिळेल असं काहीतरी करा. त्याच सुमारास त्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ निवृत्त होताना मासे धरायची आपली जुनी काठी याला देऊन गेले. इथे सॅमन नावाचा मोठा मासा आहे. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीने उलटा चढत जन्माच्या जागी जातो. उन्हाळा सरताना, म्हणजे इथल्या फेब्रुवारी-मार्चात, सगळा जिल्हा त्याच्या मागे असतो. एके दिवशी जेवताना मैत्रेय ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर मी शिकू का?" चौतीस वर्षांचा इंजिनिअर, आणि बापाला असं विचारतो! मी म्हणालो, "तुझं तू बघ. मी गळाला हात लावणार नाही. पहिलं शील, जीव घ्यायचा नाही." तो म्हणाला, "माहीत आहे."

त्याला का माहीत आहे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो आठ वर्षांचा होता. तू शिकवलेल्या गळाने धरलेली मरळ दोरीला लटकवून गुडघ्यापर्यंत ओला होऊन दारात उभा राहिला. मी त्याची वेळूची काठी गुडघ्यावर घेऊन मोडली (हाच डावा गुडघा, आता तो सूड उगवतोय) आणि 'पाणातिपाता वेरमणी'चा अर्थ उभ्या उभ्या समजावून सांगितला. रात्री शेजारून आलेलं सुकटीचं कालवण मी दोनदा मागून घेतलं, हेही खरं. पोरगा पुन्हा नदीवर गेला नाही, आणि तू दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस. म्हणजे आज हा नवशिका आहे तो माझ्यामुळे. सावित्री नदीत मासे धरत ज्याने लहानपण काढलं त्या बापाच्या पोटी हा नवशिका. तरी आपण त्या गावचेच नाही अशा थाटात मुलाबरोबर निघालो.

पहिल्या रविवारी आम्ही नदीच्या मुखाशी गेलो. तिथे माणसं रेशनच्या रांगेसारखी खांद्याला खांदा लावून उभी होती. मैत्रेयने पहिलाच गळ असा फेकला, की तो शेजारच्या माणसाच्या टोपीत अडकला आणि टोपी थेट प्रशांत महासागरात गेली. माणूस भला निघाला. पण सगळी रांग वळून बघत होती आणि पोराचे कान लाल झाले होते (रक्तदाबाला हे चांगलं नाही). तेव्हा ठरलं की जागा शांत हवी, जिथे कुणी बघणार नाही, आणि माझ्या गुडघ्याला जमेल इतकी रस्त्याजवळ हवी. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात फायली सांभाळलेला माणूस घरात रिकामा बसलेला असताना हे काम दुसऱ्या कुणाकडे जाणार? मी रजिस्टर घातलं. नदीचं नाव, रस्त्यापासून अंतर, दगडगोटे, सावली, संडास, बघे, माझ्या खुर्चीची जागा.

माहिती मिळवणं मात्र महाकठीण. इथला माणूस वाटेल ते सांगेल, पण मासा कुठे लागतो ते मेला तरी सांगणार नाही. खालच्याला विचारलं तर तो आभाळाकडे बघत म्हणतो, "वरती हीप्स आहेत," म्हणजे ढिगाने. वर जाऊन विचारावं तर वरचा म्हणतो, हीप्स खाली. आपल्या खात्यात फाईल कुठे आहे विचारल्यावर अगदी हेच उत्तर मिळायचं, त्यामुळे मला फार परकं वाटलं नाही. पाच आठवड्यांत अकरा जागा पाहिल्या. कुठे वाळूत गाडी रुतली, कुठे चावऱ्या चिलटांनी आम्हालाच खाल्लं, एके ठिकाणी सगळं उत्तम होतं पण नदीच तिथून सरकली होती. दगडांच्या रुंद पात्रात इथल्या नद्या दर पुरात जागा बदलतात.

आता वायमाकरीरी नदीवर ट्रेव्हर नावाचे एक म्हातारे शेतकरी भेटले त्याची गोष्ट. त्यांच्या कुरणातून नदीवर वाट जाते. मी फाटकाशी गाडी थांबवायला लावली, टोपी काढली आणि विचारलं, खाली पाण्याशी जायला परवानगी आहे का? ते म्हणाले, "फाटक माझं आहे, तेवढं मागे लावून घ्या. नदी माझी नाही." मग कुणाची? म्हणाले, "कुणाची नाही. सगळ्यांची." मी पुन्हा विचारलं, आम्ही पाण्याला हात लावला तर चालेल? ते म्हणाले, "स्वीट अ‍ॅज." मैत्रेय म्हणाला, चालेल म्हणतायत. पुढच्या दोन रविवारी मी पुन्हा परवानगी घेतली. चौथ्यांदा मला येताना पाहून त्यांनी फाटक लांबूनच उघडलं आणि घरात निघून गेले.

गेल्या आठवड्यात मैत्रेयने माझं रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "बाबा, अकराच्या अकरा ठिकाणी तुम्ही खुर्ची खालच्या टोकाला मांडलीय. सगळ्यांच्या खाली. का?" मी म्हणालो, सावलीसाठी. (सावलीच्या रकान्यात अकरा वेळा 'नाही' लिहिलेलं आहे, आणि अक्षर माझंच.) शिवाजी, मला स्वतःला ते कळलं नव्हतं. तुला कळेल. आपल्याकडे नदीवर पाण्याला वर गाव, त्याखाली गुरं, आणि गुरांच्याही खाली आपण. कायदा बदलला, आपण शिकलो, नोकऱ्या केल्या, मी विमानाने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आलो. पण नदी दिसली की माझे पाय विचारल्याशिवाय खालच्या अंगाला चालू लागतात. मला त्या पायांचा फार राग आला आणि रडूही आलं.

आज सकाळी पुन्हा ट्रेव्हरकडे गेलो. ते स्वतः खाली आले, माझी खुर्ची बघितली आणि म्हणाले, नवी माणसं वर वर धावतात, पण मासा समुद्रातून येतो, म्हणजे सगळ्यांत खाली उभा असेल त्याला तो पहिला भेटतो. तुम्ही नवखे असून बरोबर जागा कशी निवडली? शिवाजी, मी असा हसलो की कुरणातल्या मेंढ्या पळाल्या. मैत्रेय बघतच राहिला, त्याने मला कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. (तू पाहिलं आहेस, पण त्यालाही पन्नास वर्षं झाली.)

अकराच्या सुमाराला गळ लागला. काठी कमानीसारखी वाकली, आणि मैत्रेय विहिरीतून घागर ओढावी तसा ओढायला लागला. मी खुर्चीत बसून होतो. त्रिशरण एकदा म्हणून होईल इतका वेळ बसलो. दोर ताणून शिटी वाजवायला लागला आणि माझ्या तोंडून निघालं, "ढील दे रं! ढील! वढू नको, तुटंल! खाली चल, त्याच्यासंगं चल!" पुढे मी बुटांसकट, संघमित्राने विणलेल्या स्वेटरसकट, गुडघाभर पाण्यात होतो. काठी माझ्या हातात कशी आली याची रजिस्टरमध्ये नोंद नाही. वीस मिनिटं ढील दिली, घेतली, दिली. शेवटी काठी मैत्रेयच्या हातात ठेवली आणि त्याने मासा गोट्यांवर घेतला. हातभर लांब, नव्या पातेल्यासारखा लखलखीत. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तो अगदी दारात उभा राहिलेला तो आठ वर्षांचा मुलगा होता. म्हणाला, "सोडू या का, बाबा?" मी म्हणालो, तुझा मासा आहे, तू ठरव. त्याने ठेवला.

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, हे सगळं कुठे शिकलात? मी म्हणालो, इथल्या लायब्ररीतल्या पुस्तकात. तो म्हणाला, "बुद्ध पौर्णिमेला शिवाजीकाकांना फोन करतो ना, तेव्हा त्यांना विचारीन." पुढे घर येईपर्यंत तो शिटी वाजवत होता.

वहिनींना जय भीम, नातवंडांना आशीर्वाद. डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझा,
धोंडिबा

ता. क. १. मैत्रेयचा फोन आला तर सांग, धोंडिबाला मी उभ्या जन्मात गळ धरताना पाहिला नाही. एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

ता. क. २. वरची ओळ वाचू नकोस. आत्ता जेवण झालं. आमसूल घालून कालवण केलं होतं. मैत्रेयने माशाचं डोकं मला न विचारता माझ्या ताटात वाढलं. शिवाजी, ती काठी मी शीलासाठी मोडली नव्हती. तो ओला होऊन दारात उभा राहिला तेव्हा मला त्याच्या जागी मी दिसलो. वाटलं, हाही जन्मभर खालच्या अंगालाच उभा राहणार. मी घाबरलो रे. पहिलं शील पुढे केलं आणि चौथं मोडलं, लहान पोराशी खोटं बोललो. तूच त्याला हे सांग. आज गाडीत मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तोंडातून 'हळू चालव' एवढंच निघालं.

ता. क. ३. हे पत्र पोस्टात टाकायला उद्या सकाळी मैत्रेयकडेच देणार आहे. पाकीट उघडंच देईन. डिंक सापडला नाही असं सांगेन. (डिंक टेबलाच्या खणात आहे.)