दुसरं हँडल

इंदोरा, नागपूर
रविवार, २८ डिसेंबर १९८६

प्रिय मुकुंद,

नावानंच लिहिते आहे. टायपिंगचा क्लास संपवून तू उमरेडला खाणीच्या ऑफिसात लागलास आणि मी इथं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तेव्हाच्या पत्रांत मी असंच लिहायचे. गेली दोन वर्षं तुझं नाव मी कोर्टाच्या कागदांवर 'गैरअर्जदार' असंच वाचत आले. आज तो शब्द लिहायला बसले असते तर हे पत्र पुढं सरकलंच नसतं.

आईचा गुडघा थंडीनं धरला आहे, पण चालते. विधानसभेचं अधिवेशन संपलं, त्यामुळे ट्रंक कॉलची गर्दी जरा कमी झाली. मात्र माझ्याच हातून चुका होत आहेत. मंगळवारी अकोल्याच्या एका माणसाला त्याच्या सासरचा नंबर द्यायचा होता, बायको बाळंतपणाला गेलेली. मी त्याला अमरावतीच्या सरकी-ढेपेच्या दुकानात जोडून दिलं. मिनिटभर तो विचारत होता, मुलगा की मुलगी, आणि पलीकडून भाव सांगत होते. सुपरवायझर बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी हो म्हणाले. त्यांच्यापाशी खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

निकालानंतरच्या तुझ्या पहिल्या रविवारी तू आलास, सात तारखेला, तेव्हा टीव्हीखालच्या फळीवर तो मोठा खोका पाहिलास. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तू खोक्यावरचं 'डीलक्स' वाचलंस आणि त्यावरच्या बंदुकीच्या चित्रावरून बोट फिरवलंस. तुझ्या मनात आलं असेल, हिनं पोरीला व्हिडिओ गेम देऊन विकत घेतलं. तसं झालं असतं तर मी आज इतकी घाबरले नसते. जे झालं ते त्याहून वाईट आहे, ते मला तुला नीट क्रमानं सांगू दे.

कोर्टात जाण्याआधीच दीड वर्ष विशाखा तुझ्याकडे क्वार्टरवर होती, नंतरही तिथंच राहिली. माझ्या ड्यूटीच्या वेळा कशाही, आणि तिकडे तुझी बहीण गोपिका दिवसभर घरात. म्हणून मीच पाठवली होती. मी उमरेडला बदली मागावी असं तू म्हणत होतास, तू नागपूरला यावंस असं मी. आपण दोघं एकच वाक्य इतक्या वेळा बोललो की शेवटी भांडायलाही नवीन काही उरलं नाही. पण दर रविवारी एस.टी.तून उतरताना पोरीची वेणी गोपिकानं घातलेली असायची, तिच्या वहीवर अक्षर तुझं असायचं, आणि संध्याकाळी परत जाताना ती मला पाहुण्यांना करतात तसा हात करायची. तेव्हा मी तिच्या ताब्यासाठी अर्ज केला. तुझ्यावर कुठला राग म्हणून नाही. मी माझ्याच लेकीची पाहुणी होऊन चालले होते.

महादेवराव वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, पोरगी नऊ वर्षांची आहे, जज साहेब तिलाच चेंबरमध्ये एकटीला विचारतील आणि ती जे बोलेल त्यालाच वजन येईल. कोर्टानं दिवाळीच्या सुट्ट्या माझ्याकडे दिल्या. वकील म्हणाले, तेवढ्यात काय ते करा. ते बोलणं डोक्यात घोळवत मी घरापर्यंत चालत आले. तीन आठवड्यांत मी काय करणार होते? ती सकाळी उठली की पहिली गोष्ट विचारायची, आज कोणता वार.

मग एक दिवस बर्डीच्या बाजारात त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासमोर ती थांबली. काचेआड टीव्हीवर एक पांढरा ठिपका दोन फळ्यांमध्ये टप्पे खात होता. उमरेडला तुमच्या इंजिनिअर साहेबांच्या घरी तिनं तो खेळ पाहिला होता म्हणे, त्यांचा मुलगा कुणाला हात लावू देत नव्हता. दुकानदारानं दोन खोके समोर ठेवले. साध्यात मशीन, एक हँडल आणि एक कॅसेट. डीलक्समध्ये तेच मशीन, पण दोन हँडलं, बंदूक, गाडीचं चाक, चार कॅसेटी आणि सगळं भरायला रेक्झिनची बॅग. किंमत जवळजवळ दुप्पट. त्यातही दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "बहनजी, सादा ले जाओ. बंदूक दो दिन का शौक है, और चक्का तो सिर्फ दिखाने का है." मी म्हटलं विचार करते, आणि निघाले.

त्यानंतर मी तिथं तीन वेळा गेले, मुकुंद. ड्यूटीवर जाताना एकदा, येताना एकदा, एकदा तर रजा टाकून. प्रत्येक वेळी तो बिचारा खोका उघडायचा आणि मी एकेक वस्तू हातात घेऊन बघायचे. बंदुकीचं प्लास्टिक इतकं पातळ की दाबलं तर आवाज यायचा. ती एकाच कॅसेटला चालायची. चार कॅसेटींतल्या दोन सारख्याच होत्या, नुसती नावं वेगळी. मला सगळं दिसत होतं. घरासाठी साधी परात घेताना मी चार दुकानं फिरते, मला कुणी फसवू शकत नाही. ह्या वरच्या वस्तूंत पैसे घालण्यासारखं काही नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी घरी येऊन तोच हिशेब पुन्हा मांडायचे: बंदूक असली तर ती हसेल का? चाक असलं तर चेंबरमध्ये तिला माझं नाव आठवेल का? आई म्हणाली, "पोरीले खेळणं दे, पण तू काहून वेडी होऊन राहिली?" मी तिच्यावरच ओरडले.

चौथ्यांदा विशाखाला बरोबर घेऊन गेले. तिनं सगळा खोका शांतपणे पाहिला, तुझ्यासारखंच, आधी लेबल वाचून. बंदूक नको म्हणाली. चाक नको, बॅग नको, कॅसेट एकच पुरे. फक्त दुकानदाराला तिनं विचारलं, "काका, साध्यासंगं हे दुसरं हँडल सुटं नाही भेटत का?" तो म्हणाला, सुटं येत नाही, कंपनी डीलक्समध्येच देते. मी विचारलं, दुसरं कशाला गं, तू एकटीच तर खेळणार. ती म्हणाली, "एक बाबाच्या हातात पाहिजे ना."

तिथं उभ्याउभ्या माझा निर्णय झाला. भिशीचे पैसे त्याच महिन्यात लागले होते, ते दिले. दुकानदार खोका सुतळीनं बांधत होता आणि मी तिच्याजवळ वाकून बोलले. काय बोलले ते अजून मी कुणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

मी म्हणाले, "साहेबाले सांगजो का मी आईपाशी राहीन. तू इथं राहिली का मंग बाबा पण इथंच राहायले येते. मी त्याच्याशी बोलली आहे."

 खरंच का, असं तिनं एकदाच विचारलं. मी मान हलवली.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला ते कोर्टाच्या व्हरांड्यातून दिसलं. चेंबरमधून ती बाहेर आली तेव्हा हसत होती, आठवतं? तुझ्याकडे बघूनच हसत होती. तुला ते लागलं, तू मान फिरवलीस. ती तुला खूण करत होती, की झालं आपलं काम. निकालात साहेबांनी लिहिलं, मुलीने स्वतःहून आईजवळ राहण्याची इच्छा व्यक्त केली. महादेवरावांनी तो शब्द मला दोनदा वाचून दाखवला, 'स्वतःहून'. त्यांनी पेढे मागवले. मी माझा पेढा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

सात तारखेच्या रविवारी ती पहाटेपासून तयार होती. तिनं कपाटातला खालचा खण रिकामा केला होता, आपले फ्रॉक आजीच्या पेटीत टाकून. मला वाटलं आवरते आहे. तू आलास ते एक पिशवी घेऊन, तिचा कंपास आणि मराठीचं पुस्तक. तुम्ही दोघं खेळलात. तुला ते जमत नव्हतं आणि ती तुझं बोट धरून शिकवत होती. पाच वाजता तू चपला घातल्यास. ती दारापर्यंत आली, मग जिन्यापर्यंत, मग खाली रस्त्यापर्यंत. परत वर आल्यावर म्हणाली, बाबा सामान आणायला गेला ना? मी म्हणाले, हो, कामावरून मोकळं व्हायला वेळ लागतो. एक खोटं झाकायला मी दुसरं ठेवलं.

कोर्टानं तुला एक रविवार आड दिलेला; मधल्या दोन आठवड्यांत तिनं त्या दुसऱ्या हँडलला कुणाला हात लावू दिला नाही. शेजारच्या कौसल्याची मुलगी खेळायला आली तर हिनं ते काढून उशीखाली ठेवलं. रोज शाळेतून आली की आधी कपाटाचा खालचा खण उघडायची. मग उघडायची बंद झाली. गेल्या रविवारी, एकवीस तारखेला, तू आलास तेव्हा ती न्हाणीघरात कडी लावून बसली. दीड तास तू बाहेर बसलास. तू दारापाशी जाऊन हळू आवाजात सांगत होतास की मी रागावलो नाही, तुला जिथं राहायचं तिथं राहा. तिनं कडी काढली नाही. जाताना तू माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंस, ती मी आठवडाभर बघते आहे. तुला वाटलं मी तिला तुझ्याविरुद्ध शिकवलं. मुकुंद, तिला वाटतं आहे की तू शब्द मोडलास. मी दिलेला शब्द ती तुझा म्हणून धरून बसली होती.

त्या दिवसापासून ती बोलायची बंद झाली. माझ्याशी, आजीशी, शाळेत बाईंशीसुद्धा. जेवायला बसते, दोन घास खाते, ताट पुढं सारते. बुधवारी मी तिला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी टॉनिक लिहून दिलं. मी बाटली हातात धरून दवाखान्याच्या पायरीवर बसले ती बसलेच. येणारेजाणारे बघत होते. ती माझ्याशेजारी उभी होती, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, हात धरून उठवलंही नाही. नुसती वाट बघत उभी राहिली, मोठ्या माणसासारखी. दोन वर्षं मी जिच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि मी तिला जवळ घेऊ शकत नव्हते. कारण घेतलं असतं तर ती नुसती उभी राहिली असती.

काल दुपारी आई कीर्तीनगरात नातेवाइकांकडे गेली होती. विशाखा गच्चीवर वाळवणाजवळ बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. शब्द फिरवले नाहीत. बाबा इथं राहायला येणार असं बाबा कधीच म्हणाला नव्हता. ते मी बनवून सांगितलं. तू मला पाहिजे होतीस म्हणून.

मी मार खायला बसल्यासारखी बसले होते. तिनं वाळवणातल्या मिरच्या इकडच्या तिकडं केल्या. मग सहा दिवसांनी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला.

"म्हणजे बाबाले माहीतच नव्हतं?"

मी म्हणाले, नव्हतं.

"मंग मी त्याच्यासंगं काहून नाही बोलली?"

ती रडायला लागली आणि मला तिला हात लावायचा धीर झाला नाही. तिनं मला एक शब्द टाकून बोलावं असं मला वाटत होतं. तिला माझा रागच आला नाही, निदान अजून तरी नाही. तिला तुझीच काळजी लागली.

ह्या पत्राबरोबर दोन कागद आहेत. त्यावर मी माझ्या हातानं लिहिलं आहे की मुलीला मी काय सांगितलं आणि साहेबांसमोर ती तसं का बोलली. खाली माझी सही आहे, तारीख आहे. महादेवरावांना अजून दाखवलेले नाहीत, ते मला थांबवतील. तू ते तुझ्या वकिलाला दे. त्यानंतर कोर्ट जे ठरवेल ते मी मान्य करीन. मला काय उरेल ते मला माहीत नाही. त्याचा विचार करायला मी बसत नाही. आज मी दुपारची ड्यूटी मागून घेतली आहे.

विशाखाला घेऊन उमरेडला यायला आई चप्पल घालून दारात उभी आहे, अकराच्या एस.टी.ची घाई करते आहे. हे पत्र तिच्याजवळ देते. तू हे वाचायला घेशील तेव्हा विशाखा तुझ्या फाटकाशी उभी असेल. आत येणार नाही. काल संध्याकाळपासून ती एकच विचारते आहे, बाबा रागावला असेल तर? मी सांगितलं नाही रागावणार, पण माझ्या सांगण्यावर आता तिचा विश्वास नाही, आणि तो नसावाच. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाचत बसू नकोस असं वर लिहायला हवं होतं, ते आता सुचतं आहे. आईला म्हटलं आहे, पोरीला आधी पुढं कर, कागद मागून दे. पण ती विसरेल. तेव्हा वाचलं असशील तर कागद खाली ठेव, बाहेर जा, आणि तिला आधी तू हाक मार.

एकेकाळची तुझीच,
प्रेमिला