न दिसणारी अक्षरं

प्रिय समाधान,

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तू म्हणायचास. म्हणून आज सावकाश लिहितोय. हे पत्र रूपावहिनी तुला वाचून दाखवणार आहेत, त्यांना अडखळायला नको.

नरडाण्याच्या आपल्या सूतगिरणीत तुझी खुर्ची अजून तीच आहे, एक हात मोडलेली. तिच्यावर आता मी बसतो. म्हाताऱ्या सर्व्हरचे नखरेही तेच. नवा कॉम्प्युटर त्याच्या ओळखीचा नाही, त्यामुळे वरचा बाण दाबला की मागची आज्ञा येण्याऐवजी भलतेच कंस उमटतात आणि खोडायला गेलं की आणखी घाण होते. तू त्याला चक्क खोटं सांगितलंस, की समोर त्याच्याच जमान्यातलं टर्मिनल, म्हणजे जुना पडदा आणि कीबोर्ड, आहे. पडद्यावरचे रंग गेले, पण बाण सुधारले. ही लबाडी फक्त तुझ्या लॉग-इनच्या खात्यात लिहिलेली, म्हणून आम्ही सगळे आळशी सर्व्हरवर तुझ्याच नावानं बसायचो. पासवर्ड तू टेबलाखाली चिकटवून ठेवला होतास, इतका तुझा विश्वास.

कधीकधी पडदा मुका व्हायचा. टाइप केलेलं एकही अक्षर दिसायचं नाही. मी कीबोर्ड आपटायचो. तू चहाचा कप बाजूला ठेवून न बघताच दोन शब्द टाइप करायचास आणि पडदा ताळ्यावर यायचा. वर मला ऐकवायचास, "दिखत नही म्हनीसन पोचत नही, असं नही शे, भाऊ." अक्षर दिसलं नाही तरी आत पोचतं, म्हणे. मला तुझा राग यायचा.

माझी मुलगी नाजमीन आता जळगावला कॉलेजात जाते. तुझी विचारपूस करते. तिला मी काय सांगू?

सहा वर्षांपूर्वी तू धरणगावला लग्नाला गेला होतास, त्या दुपारचं सांगायचं आहे. मला एका जुन्या महिन्याच्या फाइली पुसायच्या होत्या. पडदा मुका झाला. मी चिडून तरीही टाइप करत राहिलो, काही पोचत नाहीये अशा खात्रीनं. सगळं पोचत होतं. त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये जायची आज्ञा मी चुकीची टाइप केली, त्यामुळे बाहेरच्या मोठ्या फोल्डरमध्येच राहिलो, आणि पुसायची मात्र बरोबर टाइप केली. अख्ख्या हंगामाच्या सूत-तपासणीच्या नोंदी गेल्या. सर्व्हरवर नाव तुझं होतं; तू गावात नव्हतास, तरी पासवर्ड उघडा ठेवल्याचा ठपका तुझ्यावर आला. तुझ्या नावानं कोण बसलं होतं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, मी खाली पाहिलं. तू राजीनामा दिलास, धुळ्यात मोबाइलच्या दुकानात नोकरीला लागलास, आणि ईदला फोन करायचं कधी चुकला नाहीस. माझी लाज वाटते मला.

आता तुला लकवा मारलाय. आशा धरू नका, असं डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितलंय. तुझे डोळे उघडे असतात, पण बोललेलं तुला पोचतं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही फारशी आशा नाही. तरी लिहितोय, कारण एकदा मी काहीच पोचत नाही असं समजलो होतो. वहिनी, तुम्ही सहा वर्षं त्याला निष्काळजी म्हणत आलात, माझ्यासमोरसुद्धा. कृपा करून इथं थांबू नका. पुढची ओळ त्याच्या कानाशी, मोठ्यानं वाचा. समाधान, त्या दिवशी तुझ्या नावानं मी बसलो होतो.

तुझाच,
शेहजाद