लिडिया भट्टीची सुट्टी

लिडिया भट्टी, पेनसिल्व्हेनिया
५ फेब्रुवारी १८४९

तीर्थरूप मामांस, एनोसचा सा. न. वि. वि.

काल पाद्रीबाबांनी विधानसभेतलं तुमचं भाषण चर्चमध्ये वाचून दाखवलं. रविवारी कोणत्याही मजुराच्या हाती अवजार नसावं, या वाक्याला सगळे उभे राहिले. मग मजूर तिथूनच माझ्या दाराशी आले. येत्या रविवारी आपल्या लोखंडाच्या भट्टीवर कोणी येणार नाही म्हणतात. लिडियामामी दर रविवारी चर्चमध्ये बसतात, त्यांच्या नावाच्या भट्टीनंच काय पाप केलंय, असंही एकाने विचारलं.

भट्टी निवली तर लोखंड तिच्या पोटातच गोठेल आणि ती फोडावी लागेल, अशी लेवी मिस्त्रीला भीती आहे. काय करावं ते शनिवारच्या आत कळवावे. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो या काळजीतही राहू द्यावा.

आपला,
एनोस

हॅरिसबर्ग, ८ फेब्रुवारी

चि. एनोस यास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, ते भाषण दारूच्या गुत्त्यांविषयी होतं. भट्टी हे आवश्यक काम, तिला रविवारच्या कायद्यात सूट आहे. तसं सांग. भट्टी थांबली तर मला तोंड दाखवू नकोस. मामी म्हणते, लोकरीचे मोजे घालत जा.

तुझा मामा,
अबायजा

लिडिया भट्टी, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी सकाळी मिळालं. मजुरांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. ‘कोणत्याही’ या शब्दातून आम्हाला नेमकं कुठे वगळलं, असं त्यांनी विचारलं.

कोणी येणार नाही हे नक्की झालं, तेव्हा लेवीने आणि मी दिवस मावळायच्या आत भट्टीत वारा फुंकायची भोकं ओल्या मातीने लिंपली आणि वरून कोळसा दाबला, म्हणजे आग आत धुमसत राहील. टिकेलच असं लेवीही म्हणेना. रविवारभर मी दगड गरम आहेत ना ते हात लावून पाहत भट्टीभोवती फिरत होतो. चर्चला गेलो नाही.

आज माती फोडून वारा सोडला. लोखंड आधी चिखलासारखं आलं, मग नेहमीसारखं वाहिलं. भट्टी शाबूत आहे.

अडचण पुढेच आहे. भट्टीला सुट्टी सोसत नाही, असं परवापर्यंत मी खरेपणाने सांगू शकत होतो. आता सगळ्यांनी पाहिलंय. पुढच्या रविवारच्या सुट्टीचं मजुरांनी विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर चर्चमध्ये उभं राहून तुम्हीच सांगावं. पाद्रीबाबा वेळ देतो म्हणालेत.

मोजे घालतो. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपला,
एनोस